अंगणातली वाट

मिनल ओव्हाळ पिंपळे गुरवात वाढली, तिथेच शिकली आणि चाकणच्या एका गिअरबॉक्स बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला लागली. तरी चाकणच्या मागे डोंगर आहेत हे तिच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. कंपनीची बस सकाळी नाशिक फाट्यावरून सुटायची, भोसरी-मोशी ओलांडून कंटेनरच्या रांगेत अडकायची आणि कशीबशी गेटातून आत शिरायची. खिडकीतून दिसायचे ते ट्रेलर, टपऱ्या आणि 'प्लॉट विकणे आहे'चे फलक. डोंगर तिला पहिल्यांदा भेटले ते परदेशात.

कंपनीची मूळ फॅक्टरी ऑस्ट्रियातल्या एका लहानशा गावात होती. एका उन्हाळ्यात मिनलला तिथे ट्रेनिंगला पाठवलं. गाव आल्प्सच्या पायथ्याशी. सुट्टीच्या दिवशी करायचं काय, म्हणून लाइनवरच्या एका बाईने तिला आपली जुनी सायकल दिली. रेसच्या सायकलीसारखं वळलेलं हँडल, पण टायर जाड. डांबर सोडून खडीच्या, मातीच्या वाटांवर चालवायची ती ग्रॅव्हल सायकल. पहिल्या चढाला मिनलचा जीव घशाशी आला. दुसऱ्या रविवारी ती पुन्हा गेली. मग जातच राहिली.

त्या डोंगरांत तिला सगळ्यात जास्त काय आवडलं असेल, तर ती तिथली कवाडं. गुरांच्या कुरणांना कुंपण असायचं आणि सायकलची वाट कुंपणाला आडवी गेली की तिथे एक लाकडी कवाड. त्यावर चित्र काढलेलं : उघडा, जा, लावा. बस. कुरण कुणाचं, घर कुणाचं, तुम्ही कोण, कुठून आलात, असं कुणी विचारायचं नाही. कवाडातून पलीकडे गेल्यावर लांबवर बसलेला एखादा म्हातारा नुसता हात वर करायचा. मिनलला त्याचं फार अप्रूप वाटे. तिच्या वडिलांच्या, अण्णासाहेबांच्या, लहानपणीच्या गोष्टींत 'कोणाचा रे तू?' हा प्रश्न सारखा यायचा आणि त्या प्रश्नानंतर वाट बंद व्हायची. इथे वाट नुसती वाट होती.

परत आल्यावर तिने कर्ज काढलं नाही की कुणाला विचारलं नाही, साठवलेल्या पैशातून सायकल घेतली आणि रविवारी चाकणच्या मागच्या बाजूला शिरू लागली. आंबेठाणच्या पुढे कारखाने विरळ होतात. भामा आसखेड धरणाच्या अंगाने मुरमाच्या वाटा वर जातात. उपग्रहाच्या नकाशात बघून बघून तिने एक मोठा फेरा जुळवत आणला होता. धरणापासून चढायचं, उंबरमाळ नावाच्या पठारावर पोचायचं आणि पलीकडच्या अंगाने उतरायचं. सगळं जमत होतं. फक्त पठाराच्या टोकाला एक तुकडा जुळत नव्हता. तिथे नकाशात नुसतं एक छप्पर दिसत होतं.

दिवाळी होऊन गेल्यावर एका रविवारी ती त्या छपराशी पोचली. काठ्यांचं कुंपण, त्याला काठ्यांचंच कवाड. आत शेणाने सारवलेलं अंगण, गोठा आणि अंगणाच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक कवाड, ज्याच्यातून वाट खाली उतरत होती. मिनल सायकल धरून उभी राहिली. घरातून साठीची एक बाई बाहेर आली.

"कुठनं आलीस गं बाय? सायकलीवर? येवढ्या वर?"

"पिंपरीहून आले, मावशी. पलीकडे उतरायला वाट आहे का?"

"वाट हाय की. आमच्या अंगणातनंच हाय. ये, आधी बस तरी. त्वांड बघ कसं लाल झालंय."

त्या रुक्मिणीबाई. त्यांनी पाणी दिलं, मग कोरा चहा दिला. त्यांचे मालक उद्धवराव गोठ्यात एका कालवडीच्या मानेला खाजवत बसले होते. कालवड त्यांच्या सदऱ्याची बाही चघळत होती. माणसाची माया लागलेलं जनावर होतं. मिनलने आडनाव सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. तेवढ्यानेच तिला इतकं हलकं वाटलं की ती मनात म्हणाली, हे तर अगदी आल्प्समधल्यासारखं.

निघताना रुक्मिणीबाईंनी दुसरं कवाड उघडून दिलं. "जा. आन परत आलीस तर हितनंच जा, आमाला काय न्हाई. लावून मातर घेत जा."

घरी येऊन मिनलने तो फेरा सायकलवाल्यांच्या अ‍ॅपवर टाकला. नाव दिलं 'चाकण आल्प्स'. फोटो टाकले. खाली लिहिलं : 'पठारावर एका घराच्या अंगणातून वाट जाते. माणसं फार प्रेमळ आहेत, पाणी मिळतं. कवाड उघडून सरळ जा, विचारायची गरज नाही.' शेवटचं वाक्य लिहिताना तिला विशेष बरं वाटलं होतं. लावून घ्यायचं लिहायला ती विसरली. विसरली म्हणजे, ते तिला इतकं उघड वाटलं की लिहावंसंच वाटलं नाही.

फेरा गाजला. पिंपरी-चिंचवडचे, हिंजवडी-माणचे आयटीवाले, पुण्याचे, सगळे 'चाकण आल्प्स' करू लागले. कुणी व्हिडिओ केले, कुणी त्या अंगणात सायकल उचलून फोटो काढले. मिनलच्या कंपनीत नवीन मॉडेलची गडबड सुरू झाली, शनिवार-रविवारही ओव्हरटाइमला जाऊ लागले. तिला स्वतःला जायला जमलं नाही. पण लंच ब्रेकमध्ये फोन उघडून ती बघायची. अनोळखी माणसं लिहायची, 'धन्यवाद मिनल, आपल्याकडे असं काही आहे हे माहीतच नव्हतं.' ती ते दोनदा-दोनदा वाचायची.

होळीच्या सुमाराला तिला रविवार मोकळा मिळाला. बरोबर संघर्ष होता. तिच्याच गल्लीतला, शाळेपासूनचा मित्र, नुकतीच ग्रॅव्हल सायकल घेतलेला. "मिने, तुझा तो जगप्रसिद्ध रूट दाखव की मला," असं म्हणून तोच मागे लागला होता.

पठारावर पोचले तर कवाडाला बाभळीच्या फांद्या लावलेल्या होत्या आणि जाड दोरीने गाठी मारलेल्या. आत रुक्मिणीबाई काठी घेऊन उभ्या होत्या. मिनलच्या डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर काळा चष्मा, तोंडाला धुळीसाठी रुमाल. त्यांनी तिला ओळखलं नाही.

"वाट बंद हाय," त्या म्हणाल्या. "मागं फिरा."

"का हो मावशी?" संघर्षने विचारलं.

"का? ये, हितं येऊन बघ का त्ये."

दोघं कुंपणाशी गेले. आत ओसरीत बाजेवर उद्धवराव पडून होते. एक पाय गुडघ्यापासून खाली जाडजूड पट्ट्यांत गुंडाळलेला, उशीवर ठेवलेला. दाढी वाढलेली. दिवाळीत होते त्याच्या निम्मे दिसत होते.

रुक्मिणीबाई बोलत राहिल्या. आधी एकदोघं यायची, मग दहा-वीस, मग मोजायचं सोडून दिलं. पहिल्यांदा पाणी दिलं, चहा दिला. मग हंडा पुरेना. खालच्या झऱ्यावरून पाणी डोक्यावर आणायचं असतं, ते ही माणसं हातपाय धुवायला मागायची. नको म्हटलं तर तोंड वाकडं करायची. कुणी अंगणात केळीच्या साली, कागद टाकायचं. कवाड तर कधी लावायचेच नाहीत. एका रविवारी ह्या दोघांना लग्नाला जावं लागलं. परत आले तर दोन्ही कवाडं सताड उघडी आणि कालवड गोठ्यात नाही.

"अंधार पडायच्या आत हुडकाया ग्येले. घळीत पडली व्हती. पाय मोडून. वरडत व्हती." त्यांचा आवाज खाली गेला. "त्यानला ऱ्हावंना. उतराया ग्येले आन मुरमावरनं घसारले. नडगीचं हाड मोडलं. वाडीतल्या पोरांनी घोंगडीत घालून खाली न्हेलं. चाकणला सळई घातली. कालवड काय वाचली न्हाई."

उद्धवराव छपराकडे बघत होते.

"कुण्या भाड्यानं आमचं घर मोबाइलात घातलंय म्हनं," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "त्यात लिवलंय, इचारायची गरज न्हाई. वाडीतल्या पोरानं वाचून दावलं मला. माझं आंगण, आन मला इचारायची गरज न्हाई! आता शेजारचे म्हंत्यात, मोबाइलात रस्ता दिसतो म्हंजी उद्या सरकार म्हनंल ही वहिवाट हाय. मग घर कुठं न्यायचं आमी?"

मिनलचे कान तापले. आता बोलायचं, हे तिला कळत होतं. चष्मा काढायचा, रुमाल खाली करायचा आणि बोलायचं. तिने संघर्षकडे पाहिलं. त्यानेही तिच्याकडे पाहिलं आणि चटकन रुक्मिणीबाईंकडे वळून म्हणाला, "कोणी टाकलंय काय माहीत, मावशी. असतात लोक असे."

"असतात की," रुक्मिणीबाई म्हणाल्या. मग दोघांकडे बघून त्यांचा राग थोडा उतरला. "तुमी त्यातलं दिसत न्हाई. निदान थांबून ऐकलं तरी. पानी प्या आन जा मागं."

त्यांनी तांब्या आणला. मिनलने रुमाल जरासा उचलला, मान बाजूला वळवली आणि पाणी प्यायली. झऱ्यावरून डोक्यावर आणलेलं पाणी. तिने तांब्या रिकामा केला, कारण अर्धा ठेवला असता तर त्या काहीतरी बोलल्या असत्या आणि तिला तोंड वर करावं लागलं असतं.

आंबेठाणला चहाच्या टपरीवर संघर्ष म्हणाला, "डिलीट करून टाक. आत्ता. विषय संपला."

तिने फोन काढला. लाइक, फोटो, धन्यवाद, सगळ्यासकट 'चाकण आल्प्स' पुसून टाकलं.

"झालं," संघर्ष म्हणाला. "तू काय मुद्दाम केलंस का? कवाड तू उघडं टाकलंस का? उगाच डोक्यात घेऊ नको."

"तू खोटं का बोललास?"

"तुझ्यासाठी बोललो राव!"

"मला माहीत आहे," ती म्हणाली. तेच तिला बोचत होतं. तो खोटं बोलला तेव्हा तिला सुटल्यासारखं वाटलं होतं.

आठवडाभर ती कामावर गेली, पार्ट तपासले, रिजेक्ट केले, मीटिंगांना बसली. डबा उघडला की तो तांब्या डोळ्यांसमोर यायचा. शुक्रवारी जेवताना अण्णासाहेबांनीच विचारलं, "काय झालंय? तुझी आई म्हणते नीट जेवत नाहीस."

अण्णासाहेब एका कंपनीच्या फाउंड्रीतून निवृत्त झाले होते. फार बोलणारा माणूस नव्हता. मिनलने सगळं सांगितलं, पाणी प्यायल्याचंही. डिलीट केल्याचं शेवटी सांगितलं, जरा जोर देऊन.

अण्णासाहेबांनी घास खाली ठेवला. "गावाला आपली वस्ती ओढ्याच्या कडेला होती," ते म्हणाले. "आम्हाला गावातल्या कुणाच्या दारावरून जायची सोय नव्हती. पण आमच्या दारातून सगळा गाव जायचा. बैलगाड्या, गुरं, माणसं. चुलीशी बसलेल्या माझ्या आईच्या पुढ्यातून. कुणाला विचारावं असं कधी कुणाला वाटलं नाही. तिथे काय विचारायचं, असं."

मग ते पुन्हा जेवू लागले. रागावले असते तर बरं झालं असतं. मिनल ताटाकडे बघत राहिली. आपण कुणाच्या बाजूला उभं राहून ते वाक्य लिहिलं होतं, हे तिला आत्ता, या स्वयंपाकघरात कळलं, आणि तिथून उठून कुठे जावं ते कळेना.

दुसऱ्या दिवशी शनिवारी ती एकटीच गेली. हेल्मेट वाटेतच काढून हँडलला अडकवलं. कवाडाबाहेर उभी राहून हाक मारली.

रुक्मिणीबाई आल्या. या वेळी त्यांनी ओळखलं. "अगं, तू तर ती पिंपरीची. दिवाळीच्या टायमाला आली व्हतीस. लई दिसांनी?"

"मागच्या रविवारीही आले होते, मावशी. तोंड बांधलेलं होतं. तुम्ही पाणी दिलंत."

रुक्मिणीबाईंनी कवाडाकडे नेलेला हात मागे घेतला.

"मोबाइलमध्ये ते मीच टाकलं होतं. विचारायची गरज नाही, हे मीच लिहिलं. माझंच नाव होतं त्यावर. आता काढून टाकलंय."

तिला वाटलं होतं, काठी उचलतील, शिव्या देतील. तिने त्यासाठी मन घट्ट केलं होतं. आत ओसरीत उद्धवरावांची बाज करकरली. मग रुक्मिणीबाईंनी अगदी हळू विचारलं, "पानी पिताना का न्हाई बोललीस?"

"भीती वाटली," ती म्हणाली.

"माझी?"

"हो. नाही. लाज वाटली."

"लाज वाटली म्हून तोंड झाकून पानी प्यालीस व्हय."

ओसरीतून उद्धवराव म्हणाले, "रुक्मिने, जाऊ दे. पोर सांगाया आलीया न्हवं."

"तुमी गप ऱ्हावा. तुमच्या पायात सळई हाय." मग मिनलकडे वळून त्या म्हणाल्या, "माझ्या हातचा च्या पिऊन ग्येलीस. तवा इचारलं असतंस, मावशी, टाकू का मोबाइलात? म्या न्हाई म्हनलं असतं. तुला ठाव व्हतं म्या न्हाई म्हनंन?"

"मला तसं काही वाटलंच नाही," ती म्हणाली, आणि हेच सगळ्यात वाईट उत्तर आहे हे बोलता बोलता तिला कळलं.

तेवढ्यात खालून टायरखाली खडी चिरडल्याचा आवाज आला. चौघे सायकलवाले चढून वर आले. रंगीत जर्सी, घामाने निथळलेले. पुढच्याने बाभळीच्या फांद्या पाहिल्या आणि फोन काढला.

"रूट तर इथूनच दाखवतोय," तो मागच्यांना म्हणाला.

मिनल पुढे झाली. "रूट बंद आहे. काढून टाकलाय."

"आमच्याकडे सेव्ह आहे ना. सगळ्यांकडे आहे. मिनल ओव्हाळचा रूट आहे हा, फेमस आहे. लिहिलंय, विचारायची गरज नाही."

रुक्मिणीबाई बाजूला उभ्या राहून ऐकत होत्या.

"मीच मिनल ओव्हाळ," ती म्हणाली. "मी चुकीचं लिहिलं होतं. हे यांचं घर आहे. इथून वाट नाही. तुमच्यासारख्यांनी कवाड उघडं टाकलं, त्यात यांची कालवड गेली आणि काकांचा पाय मोडला."

चौघे एकमेकांकडे बघू लागले. मग त्यातला एक हसला. "म्हणजे मॅडम, तुम्ही आधी रूट टाकायचा, नाव कमवायचं, आणि तुमचं झालं की आमच्यासाठी बंद करायचा? भारी आहे."

तो बोलला ते सगळं खोटं नव्हतं. ती म्हणाली, "हो, तसंच झालंय. तरी पण परत जा."

ते गेले, कुरकुरत. जाताना एकाने तिचा फोटो काढला. उताराला लागून आवाज विरल्यावर रुक्मिणीबाई म्हणाल्या, "काढलं म्हनलीस न्हवं तू?"

"काढलंय, मावशी. पण लोकांनी आधीच उतरवून घेतलंय."

"म्हंजी ते कधीच जायाचं न्हाई."

रुक्मिणीबाई कवाडापासून वळल्या आणि घरात गेल्या. तिला आत बोलावलं नाही.

त्या संध्याकाळी मिनलने सायकलवाल्यांच्या सगळ्या ग्रुपवर काय घडलं ते लिहिलं, स्वतःचं नाव घालून, संघर्षच्या खोट्यासकट. पाणी प्यायल्याचं मात्र लिहिलं नाही. ते तिला जमलं नाही. काहींनी 'धाडसाचं काम' म्हणून हात जोडले. काहींनी लिहिलं की नकाशात वाट आहे म्हणजे ती सार्वजनिकच, तुम्ही कोण ठरवणार. ज्या सायकल क्लबने येत्या उन्हाळ्यात त्याच वाटेवर स्पर्धा ठरवली होती त्याचे संयोजक जयसिंग यांचा फोन आला.

"मिनल, तुम्ही असं पब्लिकमध्ये लिहायला नको होतं. आपण त्या बाईंशी बोलून काहीतरी जमवलं असतं. एक दिवसाचा तर प्रश्न आहे."

"त्यांना विचारायला तुम्ही जाणार होतात का?"

"तुमची ओळख आहे ना तिथे."

"नाही," मिनल म्हणाली. "माझी तिथे ओळख नाही."

जयसिंगांनी स्पर्धेचा मार्ग धरणाच्या बाजूने फिरवला. तिच्याशी बोलणं कमी केलं. क्लबमधल्या आणखी काहींनी केलं. संघर्ष मात्र येत राहिला. "मी खोटं बोललो ते तू त्या पोस्टमध्ये लिहिलंस," तो एकदा म्हणाला. जरा दुखावला होता. "बरं केलंस. आमच्या आईने वाचलं."

त्यानंतर मिनल दर रविवारी उंबरमाळाच्या खाली, जिथे घराकडे जाणारी वाट मुरमाच्या रस्त्यापासून फुटते, तिथे जाऊन बसू लागली. तिथे एक करंजाचं झाड होतं. वाटेच्या तोंडावर तिने पत्र्याची पाटी रोवली होती, 'पुढे घर आहे, वाट नाही'. पाटी बघूनही लोक वळायचे, तेव्हा ती उठायची, हात आडवा करायची आणि सगळं पुन्हा सांगायची. धरणाकडून खाली जायचा दुसरा रस्ता दाखवायची. बहुतेक जण मान हलवून परत फिरायचे. कुणी वाद घालायचे. कुणी ओळखून म्हणायचे, 'तुम्हीच का त्या?' प्रत्येक वेळी सांगताना ती कालवडीपाशी आली की थांबायची. सवय होईल असं वाटलं होतं, झाली नाही.

ती वर घराकडे कधी गेली नाही. बोलावल्याशिवाय जायचं नाही असं तिने ठरवलं होतं, आणि बोलावणं आलं नाही. चैत्र संपला. ऊन तापू लागलं. एकदा लांबून तिला उद्धवराव दिसले, काठी टेकत कुंपणाच्या कडेने चालत होते. तिने हात वर केला नाही. ते आपल्याला बघतायत की नाही, हेही तिला कळलं नाही.

वैशाखातल्या एका रविवारी वाटेवरून रुक्मिणीबाई खाली येताना दिसल्या. डोक्यावर वाळक्या फाट्यांची मोळी. मिनल उठून उभी राहिली. तेव्हा तिच्याजवळ तीन सायकलवाले होते. त्यांना वर जायचंच नव्हतं. ते मुद्दाम तिला भेटायला आले होते. त्यांच्यातल्या मुलीला तिच्याबरोबर पाटीपाशी व्हिडिओ करायचा होता. "तुमची स्टोरी खूप इन्स्पायरिंग आहे ताई," ती म्हणत होती. रुक्मिणीबाईंना बघून ती आणखी खूश झाली. "याच का त्या मावशी? मावशी, एक मिनिट, इकडे बघा ना!"

रुक्मिणीबाईंनी मोळी झाडाला टेकवली. व्हिडिओ करणारी मुलगी गप्प होऊन मागे सरेपर्यंत तिच्याकडे बघत राहिल्या. सायकली गेल्यावर त्या मिनलला म्हणाल्या, "आता येऊ नगंस."

"मावशी, मी बसले नाही तर लोक वर येतील."

"कमी झाल्यात. जे येतील त्यास्नी मी बघंन. पाटी हाय, काठी हाय. म्हातारं बी आता उठून वरडतंय." त्या पदराने कपाळ पुसत थांबल्या. "पर तू हितं बसतीस म्हून आता तुला बघाया येत्यात. तुला बघून झालं की मला बघायचं आसतंय त्यानला. परवा एक जन वर येऊन म्हनला, कालवड कुठं पडली ती जागा दावा."

तिला वाटत होतं, ती इथे बसून काहीतरी भरून काढते आहे. उन्हात बसताना, वाद घालताना तिला आतून थोडं बरं वाटू लागलं होतं, हे तिला आत्ता जाणवलं, आणि त्या बरं वाटण्याचीच तिला शरम वाटली.

"माझं चुकलं, मावशी," ती म्हणाली.

"व्हय."

"तुम्ही रागावलायत का अजून?"

"गोठ्यात ग्येले की येतो राग. चुलीम्होरं असले की न्हाई येत. त्येचं काय सांगू तुला. तू वाईट न्हाईस. पर आता तू जा, बाय. आमचं आमाला ऱ्हाऊ दे."

मिनलने मोळी उचलून त्यांच्या डोक्यावर द्यायला हात पुढे केले. रुक्मिणीबाईंनी नको म्हटलं नाही. मोळी नीट बसवून घेतली, पदर सावरला आणि वाडीच्या दिशेने चालू लागल्या. वळून पाहिलं नाही.

मिनल सायकलवर बसली. खाली आंबेठाण, पुढे चाकण चौक, कंटेनरची रांग. मोशीच्या पुलावर तिला दोनदा थांबावं लागलं, रहदारीमुळे नव्हे. घरी पोचली तेव्हा अण्णासाहेब दारात खुर्ची टाकून पेपर वाचत होते.

"आज लवकर?" त्यांनी विचारलं.

"येऊ नको म्हणाल्या."

अण्णासाहेबांनी पेपर खाली केला. तिच्या धुळीने भरलेल्या चेहऱ्याकडे थोडा वेळ पाहिलं.

"मग जायचं नाही," ते म्हणाले, आणि तिला आत जाता यावं म्हणून त्यांनी खुर्ची बाजूला घेतली.